येतेय एक मैत्रीण

संक्रांत होऊन गेलेला रविवार होता. घरातून निघताना "शिंप्याकडे ब्लाउज पडलेत, घेऊन येते" असं सांगितलं होतं. ब्लाउज खरंच पडले होते, ते ताब्यात घेऊनही झाले होते. आता शिंप्याकडून आमच्या घरी यायचा रस्ता मेहरूण तलावावरून जात नाही, हे जळगावात कोणालाही विचारा. तरी गाडी तिकडे वळली. चार वाजले असतील. ऊन तिरपं होऊन पाण्यावर पसरलेलं, वाऱ्याला थंडी होती पण बोचरी नव्हती, पलीकडच्या काठावर कोणाचं तरी क्रिकेट चाललेलं आणि मधूनच एक टिटवी उगाच कोकलत होती. मी कठड्यावर जाऊन बसले. फोन पर्समध्ये, पर्स गाडीच्या डिक्कीत. काहीही करत नव्हते. विचारसुद्धा करत नव्हते म्हटलं तरी चालेल. पाण्याकडे पाहत दहा-बारा मिनिटं गेली असतील. चार हातांवर एक म्हातारी बोरांची टोपली घेऊन बसली होती. बराच वेळ ती माझ्याकडे बघत असावी. शेवटी राहवलं नाही तिला. म्हणाली, "काबरं माय, कोनाची वाट पाहून राह्यली?"

आणि मी श्वास घ्यायलाही न थांबता म्हणाले, "येतेय एक मैत्रीण."

कोणीही येणार नव्हतं.

खोटं मी कधी बोलतच नाही असं नाही. शाळेत शिकवते, पालकसभेत "हुशार आहे, फक्त थोडा खेळकर आहे" असं वर्षाला पन्नास वेळा म्हणते. पण हे खोटं मला दिवसभर खुपत राहिलं, कारण ते बोलून मला काहीही मिळणार नव्हतं. म्हातारी ना ओळखीची, ना आमच्या गल्लीतली. "कोणाची नाही, अशीच बसलेय" म्हटलं असतं तर तिने काय केलं असतं? पण ते तोंडातून निघालंच नाही. वर मी ते खोटं सजवलं. थोड्या वेळाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मग मान उंच करून रस्त्याकडे पाहिलं, कपाळावर हात धरून. चक्क अभिनय! आणि उठताना तिला खुलासाही केला, "फोन आला तिचा, नाही जमत म्हणतेय." फोन डिक्कीत होता हे तिने पाहिलं असणार, कारण मी तो तिच्यासमोरच ठेवला होता. ती काही बोलली नाही. "जाऊ दे माय, बोरं तरी ने," म्हणाली. वीस रुपयांची बोरं घेतली. मेहरूणची बोरं गोडच असतात, पण त्या दिवशीची घशाखाली उतरेनात.

आमच्या घरात सहा माणसं आहेत आणि दोन खोल्या. भांडण नाही, तंटा नाही. सासूबाई प्रेमळ आहेत, त्यांच्या प्रेमाला फक्त दार माहीत नाही. आतल्या खोलीत मी दहा मिनिटं दिवा न लावता बसले की "डोकं दुखतंय का?" असा पहिला प्रश्न येतो, "माहेरून काही फोन आला का?" हा दुसरा, आणि तिसऱ्याला थेट बाम येतो. एकटं बसणं हे आमच्याकडे लक्षण आहे, कशाचं तरी. आणि मराठीत "एकटी" या शब्दाला तो "च" किती पटकन येऊन चिकटतो बघा. "एकटी आलीस?" असं कोणी विचारत नाही. "एकटीच आलीस?" असंच विचारतात. त्या एका अक्षरात कीव असते, चौकशी असते, थोडा संशयही असतो. पुरुषांना हा "च" लागत नाही असं नाही, पण त्यांना तो पानटपरीवर सिगारेट ओढता ओढता झटकून टाकता येतो.

लहानपणी हा प्रश्न मला कधी पडला नाही, कारण तेव्हा माझ्याकडे केळीची बाग होती. म्हणजे मामांची होती, यावलजवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी वीसेक पोरं जमायची आणि दिवसभर नुसता गलका. मी जेवण झालं की हळूच मागच्या दाराने निघून बागेत जायची. ज्यांनी मे महिन्यात भर दुपारी केळीच्या बागेत पाऊल टाकलंय त्यांनाच मी काय म्हणते ते कळेल. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, डोळे उघडवत नाहीत, पायाखालची माती चपलेतूनसुद्धा भाजते. आणि कडेच्या शेवरीच्या रांगेतून आत शिरलं की दोन पावलांत संध्याकाळ. हिरवा, ओलसर अंधार. वर पानांवर पानं चढलेली, खाली कुजलेल्या पाल्याचा आंबूस वास, आणि बोटं काळी करणारा तो चीक. घडांचं वजन तोलायला लावलेले बांबू. नुकतं पाणी दिलेलं असलं तर माती पायाला गार लागायची. वारा आला की फाटकी पानं एकमेकांवर घासून असा आवाज करायची की लांब कुठेतरी पाऊस पडतोय असं वाटावं. त्या आवाजात आजीची हाक विरघळून जायची. ऐकू यायची, पण ऐकू आली नाही असं नंतर सांगता यायचं. मी तिथे काय करायची? काहीच नाही. एका खोडाला टेकून बसायची. माझ्या फ्रॉकवर केळीच्या चिकाचे डाग कायमचे असायचे आणि आई ते धूत धूत म्हणायची, "ही पोरगी बागेत जाऊन करते तरी काय?" पण तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. त्या वयात "खेळत होते" हे उत्तर चालतं.

पुढे बाग गेली, म्हणजे मामांकडेच राहिली, मी मोठी झाले. मग गच्ची मिळाली. ती मात्र फुकट नव्हती. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घातले की ते राखायला कोणीतरी लागतं, कावळे आणि खारी दोघांचाही डोळा असतो त्यांच्यावर. मी आपणहून पुढे व्हायची. घरात माझं नाव कामसू पोरगी म्हणून झालं. खरं तर मी जिन्याच्या खोलीच्या वीतभर सावलीत हातात काठी घेऊन बसलेली असायची आणि समोर पांढऱ्या धोतरावर बिबडे हळूहळू वाळत असायचे. खाली अख्खं गाव निजलेलं. आमच्याकडे मे महिन्यात बारा ते चार या वेळात कर्फ्यू न लावता लागतो. दुकानांची शटरं अर्धी खाली, कुत्री नालीत, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं. आता जळगावातही तेच. एरवी फुले मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नसते, पण मे महिन्यात दुपारी दोनला तिथून सरळ रेषेत चालत जाता येतं. एवढ्या गजबजलेल्या शहरात शांततेला जागा नाही असं आपण म्हणतो. जागा आहे. फक्त तिचं भाडं उन्हात भरावं लागतं, आणि ते भरायची माझी तयारी आता पहिल्यासारखी राहिली नाही. गेल्या वर्षी एकदा भरलं, तर दोन दिवस ओआरएस पीत पडून होते. तेव्हाही सासूबाईंनी बाम आणला.

गच्चीवर एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. हातात काठी असेपर्यंत मला कोणी काही विचारत नाही. काठी खाली ठेवून भिंतीला टेकले की लगेच, "झालं का गं तुझं? मग ये खाली."

हीच गोष्ट मला गिरणीत पुन्हा सापडली. आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत एक लाकडी बाक आहे. दळणाचा डबा रांगेत लावायचा आणि त्या बाकावर बसायचं. पट्टा फिरतोय, घरघर अशी की शेजारची बाई कानात ओरडली तरी शब्द पोचत नाही. सुरुवातीला दोघी-तिघी प्रयत्न करतात, मग हसून गप्प होतात. हवेत पिठाची धूळ, गरम पिठाचा वास, दादर ज्वारीचा वेगळा, गव्हाचा वेगळा, ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या कळण्याचा तर अगदीच वेगळा, उडदामुळे किंचित उग्र. केसांवर, भुवयांवर पांढरं साचत जातं. एवढ्या आवाजात मला जी शांतता मिळते ती देवळात मिळत नाही. देवळात कोणीतरी नक्की विचारतं, "आज काय विशेष?" लोक दळण घरी पोचवायला पोरगा ठेवतात, मी अजून स्वतः जाते. नवऱ्याला वाटतं मला गिरणीवाल्याच्या तोलण्यावर विश्वास नाही. असू दे.

कधी कधी वाटतं, असोद्याच्या बहिणाबाई एवढं बोलू शकल्या त्यालाही हेच कारण असेल का. असोदा इथून हाकेच्या अंतरावर. लिहिता-वाचता न येणारी बाई, शेतात आणि जात्यावर गुणगुणत राहिली, आणि तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, ते टिपून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. जात्याच्या खुंट्यावर हात होता, म्हणून ती तिथे एकटी काय करतेय हे कोणाला विचारावंसं वाटलं नसणार. खुंटा सोडून ती नुसती उंबऱ्यात बसली असती तर? आता शहरात तिच्या नावाचं उद्यान आहे. तिथे रविवारी पाळण्यांच्या करकरीत आणि पोरांच्या किंचाळण्यात एक ओवीही सुचणार नाही, पण पोरांनी तरी जायचं कुठे.

शहाणी माणसं सांगतात, शांत जागा हवी तर वाचनालयात जा. गेले. व. वा. वाचनालय सव्वाशे वर्षं ओलांडलेलं आहे, तिथे शांतता जुन्या फर्निचरसारखी मुरलेली आहे. पण माझ्या शाळेचे तीन विद्यार्थी तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते आणि तिघेही उठून उभे राहिले. मग मीही पुस्तक बदलून निघून आले.

गांधी तीर्थाला, म्हणजे इथल्या गांधीजींवरच्या संग्रहालयाला, मी दरवर्षी जाते, साठ पोरांना घेऊन. जैन हिल्सवर 2012 मध्ये ते सुरू झालं तेव्हापासून आमच्या शाळेची सहल चुकलेली नाही. दरवेळी माझी नजर गांधीजींवर कमी आणि मुंडकी मोजण्यात जास्त. म्हणून एकदा परीक्षा संपल्यावर, पेपर तपासायच्या आधी, एकटी गेले. ठरवलं होतं की आज एकेका फोटोसमोर हवा तेवढा वेळ उभं राहायचं. दारातल्या माणसाने मला ओळखलं. नमस्कार केला, माझ्या मागे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं आणि अदबीने विचारलं, "मॅडम, मुलं मागून येताहेत का?"

"हो," मी म्हणाले. "येताहेत."

बघा, मेहरूणच्या आधीही हे केलेलंच होतं मी. तेव्हा खुपलं नव्हतं, इतकंच.

सगळ्यात सुरक्षित जागा मला सापडली ती रेल्वे स्टेशनवर. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं की दोन तास तुमचे. तिथे एकट्या बाईला कोणी "कोणाची वाट बघताय" असं विचारत नाही, कारण तिथे सगळेच वाट बघत असतात, उत्तर विचारायच्या आधीच दिलेलं असतं. पिशवी मांडीवर ठेवायची, म्हणजे चित्र पूर्ण होतं. सुरतकडे फुटणारे रूळ, मालगाडीचे न संपणारे डबे, चहाची किटली, तेलकट भज्यांचा वास, आणि कधीही खरी न होणारी ती घोषणा. तिथे बसून मी वह्यासुद्धा तपासल्यात. पण एक दिवस पंजाब मेल येऊन गेली आणि मला चाळीसगावच्या केकी मूस यांची आठवण झाली. तेव्हापासून स्टेशनवरही पूर्वीसारखं निवांत बसवत नाही.

केकी मूस खानदेशात कोणाला सांगायला नकोत. एवढा मोठा छायाचित्रकार, जगभर नाव, आणि चाळीसगावातल्या स्टेशनजवळच्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलेला. एक-दोन प्रसंग सोडले तर उंबरा ओलांडला नाही म्हणतात. घरातच टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, त्यावर प्रकाश खेळवून अख्खे देखावे उभे करायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. बाहेरचं जग बघायला बाहेर कशाला जायला हवं, असा तो हिशोब. मी कॉलेजात असताना ते घर पाहायला गेले होते. बरोबर आलेल्या प्रत्येकाला फोटोंपेक्षा ती गोष्ट ऐकायची होती. तुम्हालाही माहीत असेल. त्यांची एक प्रेयसी होती, ती पंजाब मेलने येईन म्हणाली होती, आणि ते रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला दारं-खिडक्या उघडून, दिवे लावून तिची वाट बघायचे. शेवटपर्यंत. ऐकून आमच्यातल्या दोघी रडल्या होत्या. मीही गहिवरले होते, खोटं कशाला सांगू. गाडीही 1912 सालची, माणूसही 1912 सालचाच, हा योगायोग कोणीतरी सांगितला तेव्हा तर अंगावर काटा आला होता.

ती गोष्ट खरी असेलही. नाही म्हणायला मी कोण. पण त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर पिशवी मांडीवर घेऊन, खोट्या पाहुण्याची वाट बघत बसलेले असताना माझ्या मनात एक पाप आलं. समजा, कोणीच येणार नसेल तर? समजा, त्या माणसाला फक्त आपल्या घरात, आपल्या टेबलाशी, आपल्या प्रकाशाशी राहायचं असेल? ते तो गावाला कसं सांगणार? "मला कंटाळा येतो तुम्हा सगळ्यांचा" असं कसं म्हणणार? आणि गाव तरी हे कसं पचवणार, की एक धडधाकट माणूस आपण होऊन, कोणी न फसवता, कोणी न सोडता, एकटा राहतो आणि वर काम करत राहतो, मजेत? त्यापेक्षा एक प्रेयसी आणि एक गाडी किती सोपी. दाराशी दिवा लागला की झालं. कदाचित दिवे त्याला नुसते आवडतही असतील. प्रकाशाचाच तर माणूस तो. 1989 च्या 31 डिसेंबरला ते गेले तेव्हाही लोकांना पहिली आठवण त्या गाडीचीच झाली असणार.

मी हे घरी बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, "तू कशाला त्यांच्या प्रेमात पाणी ओततेस?" तेही बरोबर आहे. मला ती गोष्ट सोडवतही नाही. रात्री लांबून गाडीची शिटी ऐकू आली की आधी ती बाईच आठवते, जी आली नाही, आणि तिच्यासाठी वाईट वाटतं. मग माझी ती तलावावरची मैत्रीण आठवते, जिला मी जन्माला घातलं आणि दहा मिनिटांत "नाही जमत" म्हणायला लावलं.

पुढचा रविवार सुना गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा मेहरूणला गेले. या वेळी शिंपी नाही, काही नाही, "जरा जाऊन येते" एवढंच म्हटलं आणि कोणी काही विचारायच्या आत चप्पल घातली. तलावावर तेच ऊन होतं. एक जण गळ टाकून बसला होता, मासा लागत नव्हता आणि त्याला त्याचं काही नव्हतं. दोन तरुण मुलं गळ्यात लांब नळीचे कॅमेरे अडकवून पाण्यावरच्या बदकांकडे बघत तास-तास उभी. त्यांच्याकडे गळ होता, कॅमेरे होते. म्हातारीकडे टोपली होती. सगळे एकटेच होते आणि कोणालाही "च" लागत नव्हता.

म्हातारीने मला लांबूनच ओळखलं. "आज तरी येनार का तुझी मैत्रीण?" तिच्या सुरकुत्यांत हसू होतं की काय, सांगता येणार नाही.

"बघू," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत उठली. म्हणाली, "मंग बस इथं. बोरांकडे ध्यान ठेव. वीसला पाव. मी आलीच." आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता ती पदर सावरत निघूनही गेली.

मी टोपलीमागच्या गोणपाटावर बसले. ते तिच्या अंगाने ऊबदार झालेलं होतं. बोरांचा आंबट-गोड, किंचित आंबलेला वास येत होता. टोपलीवर एक ओलं फडकं, बाजूला तागडी, एक वजन तुटलेलं म्हणून त्याच्या जागी दगड. वॉकला आलेली जोडपी समोरून गेली. आमच्या मागच्या गल्लीतले काका गेले, ज्यांनी मला एरवी कुठेही पाहिलं तर रात्रीपर्यंत घरी कळतं. त्यांनी बोरांकडे पाहिलं, बोरं थोडी लहान आहेत असं मनाशी ठरवलं आणि पुढे गेले. माझ्या चेहऱ्यापर्यंत त्यांची नजर आलीच नाही. पाण्यावर ऊन हळूहळू तांबूस होत होतं. टिटवी होतीच.

एक शाळकरी पोरगा सायकल थांबवून उभा राहिला. आमच्या शाळेचा नव्हता, नशीब. "गोड आहेत का?" त्याने विचारलं.

मी एक बोर फडक्याला पुसून चावून पाहिलं.

"आहेत," मी म्हणाले.

त्याने दहाची घेतली. दहाची किती द्यायची हे मला माहीत नव्हतं, म्हणून दोन मुठी दिल्या. तो गेल्यावर मान उंच करून रस्त्याकडे पाहिलं, या वेळी खरोखरच कोणाची तरी वाट बघत होते म्हणून. म्हातारी लांबच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसली होती, पाय वर घेऊन, पाण्याकडे तोंड करून. हातात चहाचा ग्लास होता. शेजारी कोणी नव्हतं. तिला घाई दिसत नव्हती.

मीही हाक मारली नाही.